डबकं नंबर तीन

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी कॉलेजच्या मागच्या सड्यावर पाण्याच्या जागा शोधायला गेलो. पाण्याचा थेंब नव्हता. कातळ असा तापला होता की चपलेच्या तळव्यातून चटका लागत होता.

रत्नागिरीकडे कातळाच्या सपाट माळाला सडा म्हणतात. जांभ्याचा काळसर, खरखरीत पृष्ठभाग, मधूनमधून करवंदीची जाळी आणि बाकी उघडा माळ. आमचं कॉलेज अशाच एका सड्याच्या कडेला आहे. सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद पोटखराबा अशी होते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. टीवाय बीएस्सीच्या प्रकल्पासाठी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी मला आणि वनस्पतिशास्त्राच्या माझ्या मैत्रिणीला हाच पोटखराबा दिला. म्हणाल्या, "एक लहानशी परिसंस्था निवडा, अख्खा पावसाळा दर आठवड्याला तिच्याकडे जा, आणि जे असेल ते मोजा. काही नसेल तर शून्य लिहा. पण लिहा."

कॉलेजचे शिपाई मामा याच गावचे. लहानपणी त्यांनी या सड्यावर गुरं राखलेली. पाणी कुठे साचतं हे त्यांनी आम्हाला चालता चालता दाखवलं. "बाय, हे बघ, हितं रंग वेगळा दिसतो का? हितं पाणी रवतं." मग आम्हालाही दिसायला लागलं. पाणी साचणाऱ्या जागी कातळावर वाळलेल्या शेवाळाची करडी साय असते. बोटाने उचलली की पापडासारखी तुटते आणि खाली मैद्यासारखी बारीक, तांबूस माती लागते. मामांनी आणखी एक गोष्ट बजावली. सड्यावर फुरशी असतात, दगड उलटताना हात आधी घालायचा नाही, काठी घालायची. पुढचे पाच महिने आम्ही गमबूट घातल्याशिवाय सड्यावर पाऊल टाकलं नाही.

तीन जागा ठरवल्या आणि ऑइलपेंटने कातळावर आकडे टाकले. नंबर एक सर्वांत मोठं, सहा मीटर बाय चार. नंबर दोन त्याच्या निम्मं. तिसऱ्या जागेवरून आमचा वाद झाला. ती जेमतेम परातीएवढी खळगी होती, 90 सेंटिमीटर लांब, 60 रुंद, आणि खोली 7 सेंटिमीटर. काठोकाठ भरली तरी वीस-पंचवीस लिटर पाणी. मला ती घ्यायची नव्हती, कारण उघडीप पडली की चार दिवसांत आटणार आणि आमच्या तक्त्यात नुसत्या मोकळ्या जागा राहणार. मॅडम म्हणाल्या, "आटतं म्हणूनच घ्या."

सामान साधं होतं. पांढरा एनॅमलचा ट्रे, चहाची गाळणी, नायलॉनच्या कापडाची शिवून घेतलेली हातजाळी, 200 मिलीचा स्टीलचा पेला, थर्मामीटर, पीएच पेपर, स्टीलची पट्टी. पाण्यातला ऑक्सिजन मोजायला प्रयोगशाळेतल्या काचेच्या बुचाच्या बाटल्या. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि लिहायला फक्त पेन्सिल, कारण कोकणातल्या पावसात शाई टिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो इथे. छत्री आमच्यासाठी नव्हती, ती ट्रेवर धरायची होती. ट्रेमध्ये पावसाचे थेंब पडत राहिले तर जीव कोणता आणि बुडबुडा कोणता हे कळत नाही.

पहिला पाऊस 8 जूनला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही डबक्यांत पाणी होतं, काचेसारखं. पाच पेले पाणी ट्रेमध्ये ओतलं आणि वाकून वाकून बघितलं. काही नाही. तिन्ही रकान्यांत शून्य लिहिलं. मला वाईट वाटलं होतं, हे खरं सांगते. पण त्या शून्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ राहिला नसता, हे नंतर तक्ता मांडायला बसले तेव्हा कळलं.

पहिल्या दोन आठवड्यांत आमच्या हातून नमुना घेण्याचा क्रमच चुकत होता. आम्ही आधी जाळी फिरवायचो, मग पाणी भरायचो. जाळीने तळाचा गाळ ढवळला जायचा, आणि मग पाण्याचं तापमान, पीएच, ऑक्सिजन, सगळं गढूळ पाण्याचं यायचं. शिवाय आमची सावली पडली की बेडकांची पिल्लं पलीकडच्या काठाला पळायची. मॅडम एका शनिवारी बरोबर आल्या आणि काठावर उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. मग क्रम ठरवून दिला. सूर्य समोर ठेवून जायचं, म्हणजे सावली मागे पडते. पाच मिनिटं लांबूनच बघायचं, पृष्ठभागावर काय चालतंय ते लिहायचं. मग पाणी, मग पेला, मग जाळी, आणि गाळ सगळ्यांत शेवटी. वेळ तीच, सकाळी सात. पेला तोच. जाळीच्या ओढी पाच, प्रत्येक दर वेळी तेवढ्याच लांबीची. या आठवड्यात उत्साह आहे म्हणून सात ओढी मारल्या तर आकडा वाढतो, डबक्यातले जीव वाढत नाहीत.

काय पकडायचं आणि किती न्यायचं याचाही नियम होता. मोजायचं आणि जागेवर सोडायचं. बेडूक, पिल्लं, अंडी यांना हात लावायचा नाही, ती डोळ्यांनीच मोजायची. नंबर तीनमध्ये मुळात वीस लिटर पाणी, त्यातून 300 मिलीची बाटली दर आठवड्याला भरून नेणं आम्हाला पटेना, म्हणून तिथे ऑक्सिजन मोजायचा नाही असं आम्हीच ठरवलं. अहवालात तो रकाना रिकामा आहे आणि त्याखाली कारण लिहिलेलं आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये पहिल्यांदा ते दिसले. सेंटिमीटरभर लांब, जवळजवळ पारदर्शक, आणि उलटे पोहणारे. पाठ खाली, पाय वर. अकरा जोड्या पाय एकामागून एक अशा लयीत हलतात की अंगावरून लाट सरकल्यासारखी वाटते. शेपटीच्या टोकाला किंचित केशरी झाक. हा फेअरी श्रिंप, खेकडे-कोळंबीच्या गटातला, पण अंगावर कवच नसलेला जीव. आमचे स्ट्रेप्टोसेफॅलस वंशातले होते. प्रजात ठरवायची तर नराच्या डोक्यावरच्या शृंगिकांची ठेवण नीट तपासावी लागते. आमची तेवढी तयारी नव्हती, म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या दोनच नमुन्यांवरून वंशापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. मादीच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी असते. ही अंडी डबकं आटल्यावर मातीत पडून राहतात, एप्रिल-मेचा कातळ भाजून निघाला तरी मरत नाहीत, आणि पुन्हा पाणी मिळालं की दोन दिवसांत उघडतात. मे महिन्यात मी बोटाने उचललेल्या त्या मैद्यासारख्या मातीत ती होती. मी ती झटकून टाकली होती.

सुरुवातीला तिन्ही डबक्यांत श्रिंप होते. मग पाहुणे येऊ लागले. रात्री पिवळेधमक झालेले मोठे नर बेडूक नंबर एकच्या काठावर ओरडायचे. उताणे पोहणारे पाणढेकूण आले, पाणभुंगे आले. भटका चतुर तर पावसाबरोबरच येतो. त्याच्या माद्या पाण्यावर शेपटी टेकवून अंडी घालताना रोज दिसायच्या. कॉलेजच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपावरही त्या तशाच शेपट्या टेकवायच्या, कारण चकाकणारा पत्रा त्यांना पाण्यासारखा दिसतो. चतुराच्या अळ्या पाण्यात वाढतात आणि शिकारी असतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नंबर एकमध्ये श्रिंप शून्य. आठवड्याने नंबर दोनमध्येही शून्य. पुढे ऑक्टोबरपर्यंत त्या दोन्ही रकान्यांत शून्यच राहिलं.

नंबर तीनमध्ये मात्र ते होते.

कारण समजायला आम्हाला ऑगस्ट उजाडला. ते परातीएवढं डबकं जूनच्या अखेरीस एकदा आटलं, श्रावणातल्या उघडिपीत दुसऱ्यांदा, आणि सप्टेंबरात तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी पाणढेकूण उडून गेले, चतुराच्या अळ्या वाळून मेल्या, बेडकांची पिल्लंही गेली. ते बघणं सोपं नव्हतं. मातीत उरली ती फक्त अंडी. पुन्हा पाऊस आला की पहिले आठ-दहा दिवस डबकं फक्त श्रिंपांचं. शिकारी येऊन पोसवेपर्यंत यांची वाढ होऊन पुढची अंडी मातीत पडलेली असायची. ज्या आटण्याला मी वैतागणार होते, त्याच आटण्यावर त्यांचं सगळं गणित उभं होतं. मोठ्या डबक्यात ते हरत होते आणि ज्याला कुणी डबकंही म्हणणार नाही अशा खळगीत टिकून होते.

वनस्पतींचं काम मैत्रिणीकडे होतं. डबक्यांच्या काठाने एक मीटर बाय एक मीटरचा पीव्हीसी पाइपचा चौकोन टाकायचा आणि आतली झाडं जातीनुसार मोजायची. पण चौकोन हातात आला की हात आपोआप फुलांकडे जातो. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच वही पुढे केली आणि म्हणाली, "हे बघ, मी दर वेळी सुंदर जागाच निवडलीय." मग तिने पर्समधल्या दहाच्या जुन्या नोटा काढल्या. नोटेच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे म्हणजे डबक्याच्या काठावर चालायची पावलं. त्या पावलावर जे असेल तिथे चौकोन, मग तिथे नुसता उघडा कातळ का असेना. त्या आठवड्यापासून तिचे आकडे खाली आले आणि खरे झाले.

जूनमध्ये सड्यावर पांढरी दीपकाडी फुलली. ती कोकणातल्या सड्यांवरचीच, बाहेर फारशी सापडत नाही. मग गेंदाचे पांढरे गुंडे आले, मग तेरडा, आणि ऑगस्टच्या शेवटी सीतेची आसवं. निळसर जांभळी, नखाएवढी फुलं, ओल्या कातळावर इतकी दाट की पाय ठेवायला जागा नाही. ही वनस्पती मांसाहारी आहे हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. मैत्रिणीने एक रोपटं मुळाशी असलेल्या ओल्या मातीसकट उचललं आणि प्रयोगशाळेत पाण्यात हलकेच धुतलं. धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे होते. एक फुगा स्लाइडवर घेतला. भिंती पारदर्शक, एका बाजूला झडप, झडपेशी दोन-चार केस. आत एक ऑस्ट्राकॉड होता, कोळंबीच्याच गटातला एक सूक्ष्म जीव, दोन शिंपल्यांत बसलेला, आणि तो अजून हलत होता. आम्ही दोघींनी आळीपाळीने डोळा लावला. तास संपल्याची घंटा झाली तरी उठलो नाही. सड्यावरच्या मातीत झाडांना पुरेल एवढा नायट्रोजन नसतो, तो हे झाड असा मिळवतं. माझ्या तक्त्यातला जीव तिच्या तक्त्यातल्या झाडाच्या पोटात होता, आणि त्या दिवसापासून आम्ही दोन वह्यांची एक वही केली.

ऑक्सिजनच्या बाबतीत आमची मोठी चूक झाली, तीही सांगायला हवी. विंकलरची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. मग प्रयोगशाळेत आम्ल घालून साका विरघळवायचा, स्टार्च टाकायचं, आणि निळा रंग जाईपर्यंत हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, थेंबाथेंबाने सोडायचं. 200 मिली पाणी आणि 0.025 नॉर्मल हायपो घेतलं तर जितके मिली हायपो लागेल तितकेच लिटरमागे मिलिग्रॅम ऑक्सिजन. पण हायपो ठेवून ठेवून कमजोर होतं, आणि आम्ही ते न तपासता तीन आठवडे वापरलं. आकडे जास्त येत होते. ते तिन्ही आठवडे आम्ही अहवालातून काढून टाकले. भर पावसात भरलेल्या बाटल्या होत्या त्या.

म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला नंबर एकवर चोवीस तासांचा नमुना घेतला, दर तीन तासांनी एक बाटली. ऊन कडक होतं, पाणी हिरवट झालं होतं. दुपारी तीन वाजता पाण्याचं तापमान 35 अंश आणि ऑक्सिजन लिटरला 9.4 मिलिग्रॅम. एवढ्या गरम पाण्यात हवेतून विरघळून इतका ऑक्सिजन राहूच शकत नाही. तो शेवाळाने तयार केलेला होता. काठाच्या शेवाळावर बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चिकटलेले दिसत होते. रात्री तेच शेवाळ, बाकी सगळ्यांसारखं, ऑक्सिजन वापरत होतं. मामा बॅटरी घेऊन आमच्याबरोबर जागले. पहाटे सहाच्या बाटलीत साका इतका फिकट बसला की बाटली कागदासमोर धरून बघावी लागली. 2.8 मिलिग्रॅम. तेव्हा बेडकांची उरलेली पिल्लं पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होती, आणि पूर्वेकडे उजाडत होतं.

त्याच आठवड्यात नंबर तीन शेवटचं आटलं. खळगीच्या पाच जागांवरून चमचाचमचा माती घेतली, वरची दोन सेंटिमीटरच, आणि कागदी पाकिटात ठेवली. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं: डबकं 3, आणि तारीख.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आलो तेव्हा नंबर तीन नव्हतं. नव्या इमारतीकडे जाणारी वाट रुंद करायला जांभ्याची खडी आणि माती टाकून तो सगळा कोपरा सपाट केला होता. आमचा पिवळा तीनचा आकडाही खाली गेला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. नकाशावर तिथे काहीच नव्हतं, आणि ज्याच्या नोंदीत जमीनच खराबा आहे त्याला खळगीतलं पाणी कसं दिसणार? तरीही मला राग आला होता. आम्ही पाच महिने दर शनिवारी तिथे वाकून बसलो होतो, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने ते बघितलं होतं, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही. आणि आम्हीही जुलैमध्येच एक पत्र द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. उरलेल्या दोन डबक्यांसाठी मॅडमच्या सहीने पत्र दिलं, तक्ते जोडले. महिन्याभराने त्यांच्याभोवती चिऱ्यांची एक ओळ लागली. मामांनी ती स्वतः लावली.

एप्रिलमध्ये परीक्षा जवळ आली असताना मी पाकीट उघडलं. काचेच्या दोन बरण्या, प्रत्येकीत दोन चमचे माती, आणि ऑगस्टमध्ये भरून ठेवलेलं पावसाचं पाणी. बरण्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवल्या. पहिल्या दिवशी गाळ खाली बसला, बाकी काही नाही. वहीत शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या एका बाजूला मोबाइलचा प्रकाश धरला, आणि मिनिटभरात पांढरे ठिपके झटके देत प्रकाशाकडे जमा होऊ लागले. एका बरणीत चौदा, दुसरीत अकरा.

दुसरी बरणी चौथ्या दिवशीच उथळ ताटलीत ओतून पाणी आटू दिलं. पिल्लं वयात येण्याआधीच. हे करताना हात अडखळला, पण प्रश्न महत्त्वाचा होता. माती पूर्ण वाळल्यावर आठवड्याने पुन्हा पाणी घातलं. पुन्हा सहा जण निघाले. नवी अंडी घालायला कुणी मोठं झालेलंच नव्हतं, म्हणजे ही पहिल्या पाण्याला न उघडलेली जुनीच अंडी. सगळी एकदम उघडत नाहीत. काही पुढच्या पावसासाठी, काही त्याच्याही पुढच्या पावसासाठी थांबतात. खोटा पाऊस आला, डबकं चार दिवसांत आटलं, तरी वंश संपत नाही.

पहिल्या बरणीतल्यांना मी चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून देत होते. बाराव्या दिवशी पाच उरले होते, त्यांत दोन माद्या. खिडकीतून ऊन आलं तेव्हा त्यांच्या पोटाखालच्या पिशव्यांत अंडी एकेक मोजता येतील अशी दिसली. मामा बघायला आले. बराच वेळ बरणीशी वाकून उभे होते. मग म्हणाले, "हे आमच्या तिसऱ्यातले?"

"हो मामा, तिसऱ्यातले."

त्यांना नंबर दोनमध्ये सोडावं का, असं मी मॅडमना विचारलं. त्या नको म्हणाल्या, तिथे चतुराच्या अळ्या आहेत आणि त्यांचा तो निकाल आपण तक्त्यात बघितला आहे. जवळपास तशीच उथळ खळगी सापडली तर बघू. तोवर बरणीतलं पाणी हळूहळू आटू दिलं. माती वाळल्यावर खरवडून पुन्हा कागदी पाकिटात भरली आणि त्यावर नवी तारीख घातली. ‘डबकं 3’ तसंच ठेवलं. पाकीट विभागाच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. या वर्षीच्या टीवायच्या मुली आता सड्यावर उथळ खळग्या शोधतायत, आणि मामा त्यांना रंग दाखवतायत.